हिरकणीचा बुरुज आणि दरवाजाची वेळ



या मालिकेत आपण आजवर किल्ले, तोफा आणि मोहिमांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील. कामाला जाणाऱ्या आईचं अंगावरचं दूध टिकतं कशानं, तुटतं कशानं, आणि ते तुटू नये म्हणून आपल्या लोकांनी गेल्या शंभर वर्षांत काय केलं, हा आजचा इतिहास. निवृत्त फौजी माणसाला यातलं काय कळणार, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा. आमच्या कोअरचं सेंटर इथेच, बंगळुरूत. उभी नोकरी मी रसद पोहोचवण्यात घालवली, आणि हा विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत रसदीचाच आहे.

सुरुवात रायगडापासून करू. मराठी माणूस इंदूरला असो, बेळगावात असो, बडोद्यात असो की न्यू जर्सीत, हिरकणीची गोष्ट त्याला सांगावी लागत नाही. तरी दोन ओळींत सांगतो. पायथ्याच्या वाडीतली गवळण गडावर दूध घालायला गेली. कोजागिरीचा दिवस होता, उशीर झाला, सूर्य मावळला आणि दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्यांनी सोडलं नाही. घरी तान्हं बाळ भुकेलेलं. मग ही बाई रात्री कडा उतरून गेली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरुज बांधला. तो हिरकणी बुरुज. पायथ्याला हिरकणीवाडी आजही आहे, रोपवे तिथूनच सुटतो.

ही लोककथा आहे, दप्तरातली नोंद नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. पण लोककथा तीनशे वर्षं टिकते तेव्हा लोकांना काहीतरी म्हणायचं असतं. आणि फौजी डोळ्यांनी बघितलं की या कथेत एक वेगळीच गोष्ट दिसते. बुरुज हा पुतळा नाही. ते संरक्षणाचं बांधकाम आहे. जिथून एक बाई उतरू शकते, तिथून शत्रू चढू शकतो. गडाच्या बंदोबस्तात एक भगदाड सापडलं आणि राजाने ते बुजवलं. अगदी योग्य केलं. मी किल्लेदार असतो तर मीही हेच केलं असतं. आज त्या टोकावर तोफा दिसतात, खाली गांधारी नदीचं खोरं दिसतं, जागेचं मोल लगेच लक्षात येतं.

पण मग पुढच्या कोजागिरीला गडावर गेलेल्या बाळंतिणीचं काय? तिच्यासाठी दरवाजाची वेळ बदलली का? कथा याबद्दल काही बोलत नाही. सन्मान झाला, बुरुज झाला, वाट मात्र बंद झाली. आपण पिढ्यानपिढ्या त्या आईचं धाडस गातो. २०१९ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. दरवाजाबद्दल कुणी विचारत नाही. आज मला दरवाजाबद्दलच बोलायचं आहे.

आधी दुधाचं गणित समजून घेऊ, नाहीतर पुढचा इतिहास डोक्यावरून जाईल.

आपल्याकडे बाळंतिणीला दूध कमी पडलं की घरातल्या बायका तिच्या ताटाकडे बघतात. डिंकाचे लाडू खाल्ले का, अळिवाची खीर घेतली का, शतावरी कल्प सुरू आहे का. खाणंपिणं हवंच, विश्रांतीही हवी. पण दुधाचा मूळ नियम ताटात नाही. तो आमच्या इंडेंटसारखा आहे. सप्लाय डेपो माल पाठवतो तो युनिटने मागणी नोंदवली म्हणून. मागणी थांबली की डेपो धरून चालतो की गरज संपली, आणि पुढची खेप कमी होते. आईच्या शरीराचं तंतोतंत असंच आहे. बाळ ओढतं तेव्हा मेंदूकडे संदेश जातो, प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दूध तयार होतं. स्तन रिकामा झाला की नवं दूध भरभर बनतं. तो तासन्‌तास भरलेला राहिला तर तिथूनच उत्पादन मंदावण्याचा इशारा जातो. पहिले काही आठवडे तर यात सगळ्यात महत्त्वाचे, कारण पुढच्या महिन्यांचा पाया तेव्हा घातला जातो. रात्रीचं पाजणंही फार मोलाचं, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं.

म्हणजे आई दिवसाला दहा-बारा तास बाळापासून लांब राहिली आणि मधे दूध काढायची सोय नसली, तर दूध आटणार. लाडवांचा डबा संपवला तरी आटणार. यात तिचा आळस नाही, मायेची कमतरता नाही, आणि सासूने काढावा असा दोषही नाही. हा तासांचा आणि अंतराचा प्रश्न आहे. तास आणि अंतर ठरवतो कोण? ज्याच्या हातात दरवाजा आहे तो.

आता मुंबईला चला. शंभर वर्षांपूर्वीची मुंबई. परळ, लालबाग, भायखळा, गिरण्यांचे भोंगे. कामगारांत त्या काळी साधारण पाचांत एक बाई होती, बहुतेक कोकण आणि घाटावरून आलेली. त्यांची कामं मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, वर नायकीण. मजुरी नगावर. जितकं सूत गुंडाळाल तितके पैसे. कायद्याने बाईचा कामाचा दिवस अकरा तासांचा. त्यात चाळीतून गिरणीपर्यंतची पायपीट आणि मधली सुट्टी धरा. आई आणि बाळ बारा तास तरी वेगळे.

बाळ कुणाकडे? शेजारची म्हातारी, नाहीतर सहा-सात वर्षांची थोरली बहीण. ते रडलं तर करायचं काय? यावर त्या काळात सर्रास चालणारा इलाज होता अफू. बाळगोळी म्हणून ती मिळायची. सकाळी गोळी द्यायची, बाळ गुंगीत पडून राहायचं. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना नेमलं होतं. १९२२ मध्ये त्यांचा अहवाल सरकारच्या लेबर गॅझेटमध्ये आला. त्यांचं निरीक्षण असं की गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव!

इथे रसदीचा मुद्दा बघा. गुंगीतलं बाळ ओढत नाही. आई संध्याकाळी घरी आली तरी ते अर्धवट झोपेत. म्हणजे दिवसा आई नाही म्हणून मागणी नाही, आणि रात्री बाळ शुद्धीत नाही म्हणून मागणी नाही. दूध दोन्हीकडून तुटायचं. मग गाईचं पाणी घातलेलं दूध, चाळीतली हवा, जुलाब. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक तान्ह्या बाळांचे मृत्यू नोंदले गेले होते. या आकड्याला एक पुस्ती जोडली पाहिजे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिथे नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत, त्यामुळे प्रमाण फुगलेलं दिसतं. पण ती सूट दिली तरी उरतं ते भयानकच आहे. मी लढाईतल्या हानीचे तक्ते पुष्कळ वाचले आहेत. एवढं प्रमाण तिथेही क्वचित दिसतं.

याच काळात बाहेरच्या जगात एक मोठी गोष्ट घडली होती. पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिने प्रसूतीसंबंधी जो करार केला, त्यात बाळंतपणाची रजा तर होतीच, शिवाय पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मोकळा द्यावा, असं लिहिलं होतं. जगातल्या कामगार कायद्यात पाजण्याला मिनिटं मिळाली ती अशी. त्या परिषदेला भारतीय कामगारांचा प्रतिनिधी म्हणून एक मराठी माणूस हजर होता. नारायण मल्हार जोशी. आपले ना. म. जोशी. मुंबईत त्यांच्या नावाचा मार्ग आहे, त्यावरून रोज हजारो माणसं जातात, पण माणूस बहुतेकांना माहीत नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. भारत सेवक समाजाचे सदस्य, १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे, पुढे आयटकच्या स्थापनेत अग्रभागी असणारे. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, असलं न दिसणारं काम आयुष्यभर केलं.

जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-लाभाचं विधेयक आणलं. ते पडलं. पण चर्चा मुंबईत पोचली. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात आसवले यांनी असंच विधेयक मांडलं आणि २८ जुलैला त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा ते कौन्सिलचे नियुक्त सदस्य होते. महाडचा सत्याग्रह आदल्याच वर्षी झालेला.

ते भाषण वाचण्यासारखं आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. लोककल्याण हे मुळात सरकारचं काम, त्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते उपकार म्हणून नाही. तिच्याकडून त्याला पुरुषापेक्षा जास्त फायदा होतो म्हणून ठेवतो. मग त्या फायद्याबरोबर काही भार त्याने घेतलाच पाहिजे. विरोधकांचा सूर असा होता की हा खर्च मुंबईच्याच गिरण्यांनी का सोसावा, धंदा बसेल. हे वाक्य आजही कुठल्याही चर्चेत ऐकू येतं, नव्व्याण्णव टक्के त्याच शब्दांत.

१९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती-लाभ कायदा झाला. देशातला अशा स्वरूपाचा पहिला. बाळंतपणाच्या पुढेमागे काही आठवड्यांची रजा आणि रोजचे आठ आणे. प्रसूतीनंतरचे आठवडे होते चार. चार आठवडे म्हणजे दूध नुकतं स्थिरावायला लागतं तो काळ. नेमकं तेव्हा बाई पुन्हा वाइंडिंगच्या यंत्रापुढे. तरीही त्या आठ आण्यांचं महत्त्व मी कमी लेखणार नाही. पहिल्यांदा कायद्याने कबूल केलं की बाळंतिणीचे हे दिवस तिचे खाजगी लाड नाहीत.

आणि आता कटू भाग. कायदा झाला, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी होतीच, यंत्रं बदलली, आणि गिरण्यांत बायकांची संख्या घटत गेली. १९६० च्या दशकात दहांत एकही बाई उरली नव्हती. सगळा दोष प्रसूती कायद्यावर ढकलणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. वाइंडिंग-रीलिंगची जुनी खातीच नव्या यंत्रांनी खाल्ली. पण बाबासाहेबांनी सांगितलेलं सरकारचं अंग कायद्यात आलं नाही, भार एकट्या मालकावर राहिला, आणि जिथे भार एकट्यावर पडतो तिथे तो खांदा काढून घ्यायची वाट शोधतो, एवढं तर कुठलाही क्वार्टरमास्टर सांगेल. कर्मचारी राज्य विमा योजनेत सगळ्यांच्या वर्गणीतून प्रसूतीचा पगार मिळतो. मला ती रचना जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिथे कारखान्यात बाया किती आणि पुरुष किती यावर मालकाची वर्गणी ठरत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे भराभर सांगतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पन्नासहून जास्त बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं झालं. पुढे १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली. आईला ठरावीक अंतराने येऊन पाजता यावं, असंही त्यात होतं. १९६१ च्या प्रसूती-लाभ अधिनियमाच्या अकराव्या कलमात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्याची सुट्टी आली, तीही पगार न कापता. पण सुट्टी किती मिनिटांची? हे कलमात नव्हतं, नियमांत होतं. खाणी आणि सर्कशींसाठी केंद्राने १९६३ मध्ये केलेले नियम बघा: पंधरा मिनिटं. पाळणाघर लांब असेल तर जाण्या-येण्यासाठी आणखी थोडी. १९१९ चा अर्धा तास चव्वेचाळीस वर्षांनी निम्मा झाला होता. तान्हं बाळ जागं करायचं, पदराशी घ्यायचं, दोन्ही बाजू पाजायच्या, ढेकर काढायचा. ज्यांनी घरात बाळ पाहिलंय त्यांनी पंधरा मिनिटं घड्याळ लावून बघावं.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते दुधाचंच आहे. या देशात दुधाची रसद कशी बांधायची हे सरकारला कळत नव्हतं असं अजिबात नाही. गोऱ्या पलटणींना स्वच्छ दूध मिळावं म्हणून १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला मिलिटरी फार्म निघाला. पुढे छावण्याछावण्यांत निघाले आणि १३२ वर्षं चालून २०२१ मध्ये बंद झाले. आमच्या पिढीतल्या फौजी कुटुंबांनी ते दूध प्यायलेलं आहे. आमच्या बंगळुरूत आडुगोडीला १९२३ मध्ये पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची इम्पीरियल संस्था झाली, आणि १९२७ मध्ये प्रकृती सुधारायला इथे आलेले गांधीजी तिथे जाऊन गोपालन शिकले. गाईचं दूध वेळेवर काढलं नाही तर ती आटते, हे प्रत्येक गवळ्याला ठाऊक. दोन धारांमधलं अंतर, भांड्याची स्वच्छता, थंड ठेवणं, वाहतूक, सगळ्यांचे नियम लिहिलेले होते. त्याच वर्षांत परळच्या गिरणीतल्या आईसाठी एक खोली आणि अर्धा तास मिळत नव्हता. यात मला कुणाचं कारस्थान दिसत नाही. गाईच्या दुधाला भाव होता, आईच्या दुधाला नव्हता, आणि ज्याला भाव नाही त्याचा हिशेब ठेवला जात नाही.

तो हिशेब पहिल्यांदा नीट ठेवला गेला तो पुन्हा मुंबईतच. शीव इस्पितळ, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय. शेजारी धारावी. नवजात शिशू विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस होत्या. वेळेआधी जन्मलेली, दीड-दोन किलोची बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. पावडरचं दूध, बाटल्या, दूषित पाणी. डॉक्टर बाईंनी बाटली हटवून आईच्या दुधावर जोर दिला आणि १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली पहिली. ज्या आयांना बाळाच्या गरजेपेक्षा जास्त दूध येतं त्या ते देतात. तपासणी होते, ६२.५ अंश तापमानावर तीस मिनिटं ठेवून निर्जंतुक केलं जातं, गोठवलं जातं, आणि ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा नाही, त्याला मिळतं. पूर्वी हे भाग्य राजवाड्यातल्या बाळाचं होतं. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजे जन्मले, सईबाई आजारी होत्या, तेव्हा कापूरहोळची धाराऊ त्यांची दूधआई झाली. धारावीतल्या बाळाला दूधआई मिळाली ती १९८९ मध्ये, स्टीलच्या भांड्यात आणि फ्रीजरमध्ये. आता बंगळुरूतही अशा पेढ्या आहेत.

कामावरच्या आईसाठी या पेढीने एक फार मोठी गोष्ट सिद्ध केली. काढलेलं दूध टिकतं. हे आज आपल्याला साधं वाटतं, पण आजी-पणजीच्या काळात काढलेलं दूध बाळाला द्यायचं नाही, ते झाडाला घालायचं, असाच रिवाज होता. स्वच्छ हातांनी, स्वच्छ भांड्यात काढलेलं दूध खोलीत साधारण चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, डीप फ्रीझमध्ये काही महिने राहतं. म्हणजे अंतरावर तोडगा निघाला. आई आठ तास लांब असली तरी दर तीनेक तासांनी दूध काढलं तर दोन कामं होतात. उद्याची खेप तयार होते, आणि त्याहून महत्त्वाचं, इंडेंट चालू राहतं. मात्र त्यासाठी कडी लागणारी खोली हवी, बसायला खुर्ची, हात धुवायला पाणी, विजेचं बटण, फ्रीज. आणि वेळ.

खोलीची गोष्ट महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हा तिला नाव मिळालं हिरकणी कक्ष. एसटी स्टँडांवर, सरकारी कचेऱ्यांत, इस्पितळांत पाटी दिसू लागली. नाव छानच आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, आणि पुढच्या अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनात हिरकणी कक्षात धूळ आहे, सोयी नाहीत, म्हणून त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. देवळाली हे तोफखान्याचं गाव, तिथल्या लोकांना आवाज करायला शिकवावं लागत नाही. आमदार बोलल्या म्हणून बातमी झाली. तालुक्याच्या स्टँडवर ज्या खोलीला कुलूप असतं आणि चावी कंट्रोलरकडे, तिची बातमी होत नाही. पाटी लावणं म्हणजे बुरुज बांधणं. रोज कुलूप उघडून झाडणारा माणूस नेमणं म्हणजे दरवाजाची वेळ बदलणं.

२०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली आणि पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आलं, दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही कलमं आहेत. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, जेवढा काळ बाळाला फक्त आईचं दूध द्यावं असं डॉक्टर सांगतात. पहिल्यांदा कायद्याचं कॅलेंडर आणि बाळाचं कॅलेंडर जुळलं. पण ते जुळलं कुणासाठी, हे बंगळुरूत राहून रोज दिसतं.

माझी सून आउटर रिंग रोडवर सॉफ्टवेअरमध्ये आहे. नातू सात महिन्यांचा असताना ती कामावर परतली. कंपनीत चांगली खोली होती. खरी अडचण निघाली कॅलेंडरवर. दूध काढायच्या वेळेवर कुणीतरी मीटिंग टाकायचं, ती एकदा पुढे ढकलायची, दोनदा ढकलायची, आणि आठवड्याभरात सकाळच्या बाटलीतली पातळी खाली आलेली दिसायची. माझी बायको अळीव भिजवायला लागली. मी सूनबाईंना एवढंच म्हटलं, ती वीस मिनिटं कॅलेंडरवर ‘बिझी’ म्हणून रोज अडवून ठेवा, कारण लिहू नका. आमच्या युनिटमध्ये कॉन्व्हॉयची वेळ कुणी बदलत नसे, मग तो कमांडिंग ऑफिसर का असेना. तिने ते केलं. पंधरवड्यात पातळी परत आली. अळिवाचं श्रेय बायकोने घेतलं, मी वाद घातला नाही.

पण याच शहरात पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोड या भागांत तयार कपड्यांचे कारखाने आहेत, आणि शिवणयंत्रावर बहुतेक बायाच. मुंबईच्या वाइंडिंग खात्याच्या या नाती. तासाला इतके नग असं टार्गेट. २०१६ च्या एप्रिलमध्ये भविष्य निर्वाह निधीच्या नियमावरून याच बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या होत्या आणि केंद्राला नियम मागे घ्यावा लागला होता. त्यांना विम्याची सव्वीस आठवड्यांची रजा मिळते, कायद्याने पाळणाघरही आहे. तरी पुष्कळ जणी बाळाला गावी आजीकडे ठेवून येतात. कारण पाळणाघर कारखान्यात असलं तरी त्या गर्दीच्या बसने, पहाटे, तान्हं बाळ घेऊन यायचं कसं? आणि टार्गेटच्या तासात उठून पाजायला गेलं तर सुपरवायझरचं तोंड. कायद्यातली सुट्टी पगारी असते, पण टार्गेटमधून ती वजा होत नाही. बाळ दोनशे किलोमीटरवर, म्हणजे दूध पहिल्याच महिन्यात बंद. इमारतींच्या कामावरच्या, घरकामाच्या बहुतेक बायांपर्यंत तर हा कायदा पोचतच नाही. त्यांच्या वाट्याला केंद्राच्या मातृवंदना योजनेतले पहिल्या बाळाचे पाच हजार रुपये. १९२८ मध्ये बाबासाहेब ज्या सरकारी वाट्याबद्दल बोलले तो अजून इथवरच आला आहे.

शेवटी माझ्या घरची, म्हणजे फौजेची गोष्ट. महिला अधिकारी १९९३ पासून आहेत आणि त्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा होती. जवानांच्या दर्जावर मुली आल्या त्या मिलिटरी पोलिसात. त्यांची पहिली तुकडी, ८३ जणी, ८ मे २०२१ रोजी इथेच, बंगळुरूच्या सेंटरमधून बाहेर पडली. त्यांच्या रजेचे नियम अधिकाऱ्यांच्या बरोबरीने करण्याचा निर्णय संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. अडीच वर्षं लागली. मुंबईच्या गिरणीशी तुलना केली तर फार नाहीत. आता त्या मुली लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयात आहेत. प्रत्येक युनिटच्या ड्यूटी रोस्टरमध्ये त्यांच्यासाठी दर तीन तासांनी वीस मिनिटं कुठे बसवायची, हा प्रश्न कुठल्याशा सुभेदार मेजरच्या टेबलावर आज नाहीतर उद्या येणार आहे.

पुढच्या भागात ना. म. जोशी आणि गिरणगावातल्या रात्रशाळांवर बोलू. जय हिंद.